वीतभर

मार्च संपत आला तरी मोरा दरीत
छपरावरचं बर्फ दुपारी सुटतं, रात्री धरतं.
पागोळ्या पडतात बरोबर भिंतीच्या पायाशी
आणि उडालेला चिखल
गुडघ्याएवढ्या उंचीवर ठिपके काढून ठेवतो,
जणू घर रात्री कुठेतरी पायी जाऊन आलंय.

एउलालिया माएस्तास
करणीच्या मुठीने भिंत वाजवत जाते.
टण. टण. टण.
मग ढब.
खडूने फुली.
पुन्हा ढब. फुली.
दक्षिणेच्या खिडकीखाली तर रांगच लागते.
मी बादली घेऊन मागे.
'भिंतीला कान असतात म्हणे,' मी म्हणतो.
'नाक असतं,' ती म्हणते,
'आणि ते कोणीतरी बुजवलंय.'

बुजवणारा अमादेओ.
त्याने कच्च्या विटांवर कोंबड्यांची जाळी ठोकली,
वर दोन बोटं सिमेंटचा गिलावा,
जमिनीत चांगला हातभर खोल नेलेला,
पाणी शिरू नये म्हणून.
पाणी शिरलंच.
निघायची वाट तेवढी राहिली नाही.
मग त्याने तिथेच माती चढवली
आणि पाच गुलाब लावले बायकोसाठी,
भिंतीला टेकून,
रोज संध्याकाळी पाणी.

प्रिमितिवा दारात उभी, अंगावर त्याचाच कोट.
'भिंतीचं काय करायचं ते करा.
गुलाबांना हात लावायचा नाही.'

एउलालिया वाद घालत नाही.
छिन्नी लावते, दोन घाव,
आणि खिडकीखालचा पोपडा
पाटाएवढा, अख्खाच्या अख्खा खाली येतो.
आतल्या बाजूला लोणा, पांढरा, केसाळ.
त्यामागे वीट नाही.
विटेच्या आकाराचा गारा आहे.
मी हात घालतो, कोपरापर्यंत जातो,
भिजवून विसरलेल्या पिठासारखं
गार, मऊ, गप्प.

इतकी वर्षं छप्पर उभं कशावर होतं?
दोन बोटं सिमेंटवर.
आणि सवयीवर.

प्रिमितिवा पायरी उतरते.
कोटाची बाही वर सारते, हात आत घालते.
बराच वेळ काढत नाही.
'याच्या पलीकडे माझी खाट आहे,' ती म्हणते.
'मला वाटायचं, माझी हाडं थंड पडली.'

मग आत जाऊन
बटाट्याची पाच रिकामी पोती घेऊन येते, ओली करून.
'मुळाशी माती राहू द्या थोडी.'

दोन ओंडक्यांचा टेकू दिला.
माती खणत गेलो, खालचे नदीतले धोंडे दिसेपर्यंत,
त्यांना उजेड बऱ्याच वर्षांनी दिसत होता.
जमिनीला उतार दिला अंगणाच्या बाजूला,
पायाशी खडी पसरली.
विटा उन्हात वाळायलाच मे उजाडला.
जूनमध्ये गिलावा: माती, वाळू, गव्हाचं काड,
तळहाताने चोळलेला,
दर दोन-तीन वर्षांनी झिजेल, पुन्हा लावावा लागेल.
'झिजू दे,' एउलालिया म्हणाली,
'झिजतो तो गिलावा. आतली भिंत झिजायला नको.'

कुंपणापाशी तीन गुलाबांनी कोंब धरले.
एकाची नुसती काळी काडी.
पाचव्याबद्दल अजून कोणी काही बोलत नाही.

गिलावा जमिनीच्या वीतभर वर थांबवायचा,
खालची कड आतल्या बाजूला तिरपी,
थेंब लोंबेल आणि सुटेल अशी.
मी माझी वीत टेकवली.
'तुझी कशाला?' एउलालिया म्हणाली. 'घर तिचं.'

प्रिमितिवा हळूच गुडघ्यांवर बसली.
करंगळी धोंड्यावर टेकवली, अंगठा वर ताणला.
संधिवाताने वाकलेली बोटं, ताणून ताणून
तिची वीत चार बोटांचीच भरली.
एउलालियाने तिच्या अंगठ्याच्या वर
आपली बोटं आडवी ठेवली
आणि तिथे रेघ ओढली.